मदत हवी आहे: डीसीएस हॉर्नेटमध्ये मिग-29 वळला की रडारवरून गायब होतो. खऱ्या रडारचंही असंच असतं का?

हॉर्नेटवाला

नमस्कार मंडळी. विमानांवर इथे बरेच धागे आहेत, पण सिम्युलेटरमधल्या रडारवर काही सापडलं नाही म्हणून नवा काढतोय. चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

अडचण अशी आहे. डीसीएस वर्ल्ड (लढाऊ विमानांचा सिम्युलेटर), एफ/ए-18सी हॉर्नेट, कॉकेशसचा फुकटातला नकाशा. मी 25,000 फुटांवर, समोरून एआयचा (म्हणजे कॉम्प्युटर उडवतो तो) मिग-29 साधारण 12,000 फुटांवर. वेग दोघांचाही 480 नॉटच्या आसपास. तीसेक मैलांवर तो रडारवर दिसतो, लॉक होतो, वीस मैलांच्या आत आला की मी अ‍ॅमराम (रडारच्या आधाराने जाणारी मिसाईल) सोडतो. इथपर्यंत सगळं झकास. मग पठ्ठ्या आडवा वळतो, पडद्यावर मेमरीची खूण (रडार आता अंदाजावर चालतंय) येते आणि काही सेकंदांत लॉक तुटतो. बरं, क्षणभर दिसेनासा होऊन परत आला असता तर समजू शकलो असतो. पण नंतर तो शेपूट दाखवून सरळ पळत असतानाही माझं रडार त्याला बघायला तयार नाही. मिसाईल अर्थातच वाया.

सेटिंग सांगून ठेवतो: पीआरएफ, म्हणजे सेकंदाला किती स्पंदनं सोडायची ते, हायवर (लांबचं दिसतं म्हणून), रुंदी पूर्ण 140 अंश, चार बार (अँटेना एकाखाली एक चार आडव्या ओळी बघते).

डिस्कॉर्डवर विचारलं तर अर्धे म्हणतात मॉड्यूलमध्ये (खेळातल्या या विमानात) बग आहे, उरलेले म्हणतात "नॉच केलं त्याने". नॉच म्हणजे काय विचारलं की "90 अंशात वळायचं" एवढंच उत्तर. 90 अंशात वळल्याने 15 मैलांवरचं अख्खं विमान का दिसू नये, हे कोणी सांगत नाही. खऱ्या रडारचं असं होतं का, की खेळ रंगावा म्हणून घातलेला नियम आहे? आणि पळताना तो परत का दिसत नाही? जाणकारांच्या प्रतीक्षेत.

खवट

आमच्याकडे महिन्याच्या एक तारखेला वर्गणी मागणारे दिसले की आम्ही असेच आडवे वळून गायब होतो. हलके घ्या. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

जुना रडारवाला

हॉर्नेटवाले, तुमचा प्रश्न चांगला आहे. मी नोकरी केली ती जमिनीवरच्या रडारवर, विमानातल्या नाही. आणि खाली लिहितोय ते कुठल्याही इंजिनिअरिंगच्या पुस्तकात मिळेल, तेव्हा कोणी भुवया उंचावू नयेत.

तुम्ही वर, तो खाली. म्हणजे तुमचा झोत त्याच्यावर पडतो तसाच त्याच्या मागच्या जमिनीवरही पडतो. जमीन केवढी मोठी! तिच्याकडून येणारा प्रतिध्वनी विमानाच्या प्रतिध्वनीला पार गिळून टाकतो. जुन्या साध्या पल्स रडारची हीच रड होती, खाली बघितलं की पडदा पांढरा. त्यावरचा उपाय म्हणजे पल्स-डॉप्लर. परत येणाऱ्या लहरीची फ्रिक्वेन्सी किती बदलली ते मोजायचं, आणि जेवढा बदल जमिनीमुळे होतो तेवढा पट्टा सरळ कापून टाकायचा. त्या कापलेल्या खाचेलाच नॉच म्हणतात.

आता तुमचेच आकडे घेऊ. 480 नॉट म्हणजे सेकंदाला जवळपास 247 मीटर. हॉर्नेटचं रडार एक्स बँडातलं, तरंगलांबी 3 सेंटिमीटर धरा. फ्रिक्वेन्सीतला बदल म्हणजे जवळ येण्याच्या वेगाची दुप्पट भागिले तरंगलांबी. समोरची जमीन तुमच्याकडे तुमच्याच वेगाने येतेय, तिचा बदल आला साधारण 16.5 किलोहर्ट्झ. मिग नाकासमोर येतोय तेव्हा दोघांचे वेग मिळवायचे, त्याचा बदल 33 किलोहर्ट्झ. दोन्ही एकमेकांपासून लांब, म्हणून मिग स्वच्छ दिसतो. आता मिग तुमच्या नजरेच्या रेषेला काटकोनात वळला. त्याचा स्वतःचा वेग तुमच्या दिशेने शून्य झाला. उरला फक्त तुमचा वेग. बदल किती? 16.5 किलोहर्ट्झ. जमिनीइतकाच. रडारने जमीन कापली, तिच्याबरोबर मिगही कापला गेला. त्याला विमान दिसत नाही असं नाही, त्याने ते जमीन समजून फेकून दिलं.

म्हणजे हा खेळातला नियम नाही. अगदी खरा आहे.

काटकोन मात्र बऱ्यापैकी अचूक लागतो. नॉच दोन्ही बाजूंना 60 नॉटचा धरला, तर 480 नॉटने उडणाऱ्याला काटकोनाच्या अलीकडे-पलीकडे जेमतेम सात अंशांत राहावं लागेल. जरा हलला की परत उजेडात.

आता दुसरा प्रश्न, पळताना का दिसत नाही. इथे मला तुमच्या पीआरएफचा संशय आहे. अँटेनाचा मुख्य झोत पुढे जातो, पण थोडी ऊर्जा सगळीकडे सांडते. ते साइडलोब. त्यातून खालची, बाजूची, मागची जमीनही रडारला ऐकू येते, आणि तिचा डॉप्लर अधिक 16.5 पासून उणे 16.5 पर्यंत पसरलेला असतो. शेपूट दाखवून पळणाऱ्या विमानाच्या जवळ येण्याचा वेग तुमच्या वेगापेक्षा कमीच असणार, म्हणजे तो बरोब्बर या गोंधळात सापडतो. नाकासमोरून येणारा मात्र त्याच्या बाहेर, मोकळ्या जागेत असतो.

या गोंधळातून त्याला वेगळं काढायचं तर अंतराचा आधार लागतो. हाय पीआरएफमध्ये सेकंदाला लाखाच्या वर स्पंदनं जातात. दोन लाख धरली तर पुढचं स्पंदन निघायच्या आत फक्त 750 मीटरवरचा प्रतिध्वनी परत येऊ शकतो. त्यापलीकडचं सगळं, तुमच्या खाली साडेसात किलोमीटरवर असलेल्या जमिनीसकट, एकावर एक घडी पडून येतं. वेगळं करायला जागाच नाही. मीडियममध्ये स्पंदनं दहा हजारांच्या घरात, म्हणजे घडी 15 किलोमीटरची. जवळची जमीन आणि लांबचं लक्ष्य अंतरावरून बरंच वेगळं करता येतं. म्हणून समोरून येणाऱ्याला हाय, पळणाऱ्याला मीडियम. हॉर्नेटमध्ये इंटरलीव्ह्डचा पर्याय आहे ना? तो दोन्ही आलटून पालटून वापरतो. तो लावून बघा आणि कळवा.

बीएमएस भक्त

काकांचा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला. माझी दोन टिकल्यांची भर.

हॉर्नेटवाले, लॉक तुटला की तुझं रडार परत शोधायला लागतं, पण मिग तोवर डाइव्ह मारून 5,000 फुटांवर गेलेला असतो. 16 मैलांवर 20,000 फुटांचा फरक म्हणजे अँटेना जवळपास 12 अंश खाली हवा. सोपा हिशोब लक्षात ठेव: 60 मैलांवर एक अंश म्हणजे 6,000 फूट, 30 मैलांवर 3,000, 15 वर 1,500. कर्सरच्या वर-खाली जे दोन आकडे दिसतात ना, ते त्या अंतरावर झोत किती हजार फुटांपासून किती हजार फुटांपर्यंत पोचतो ते सांगतात. नवीन पोरं त्याकडे ढुंकून बघत नाहीत आणि मग फोरमवर "रडार ब्रोकन" म्हणून ओरडतात.

आणि ते 140 अंश चार बार कमी कर राव. अँटेना सेकंदाला साठेक अंश फिरते धरलं तरी एक फेरा व्हायला नऊ-साडेनऊ सेकंद. तेवढ्यात मिग दोन किलोमीटरच्या वर सरकतो. ट्रॅक व्हाइल स्कॅनमध्ये (शोधता शोधता माग ठेवायची पद्धत) मधल्या वेळेत रडार फक्त अंदाज बांधतं, आणि वळणाऱ्या विमानाचा अंदाज हमखास चुकतो. कुठे आहे हे साधारण माहीत असेल तर अरुंद बघ, दोन बार बघ.

आता माझी तक्रार. भौतिकशास्त्र खरं आहे, पण तुझा मिग खरा नाही. खऱ्या मिग-29ए मधला रडार वॉर्निंग रिसीव्हर (कोणाचं रडार आपल्यावर पडतंय ते सांगणारा) म्हणजे एसपीओ-15 बेर्योझा. त्यात दिशा दाखवायला मोजके दिवे. त्या दिव्यांकडे बघत, मान मोडणाऱ्या वळणात, सात अंशांच्या आत काटकोन धरून बसणं म्हणजे खायचं काम नाही. एआयला मात्र तू कुठे आहेस हे कोडमधूनच कळतं, तो कंपास लावल्यासारखा वळतो. मी माणसांविरुद्ध ऑनलाइन उडतो तेव्हा नॉच निम्म्या वेळाही धड जमलेला दिसत नाही. वास्तववाद शोधायचा तर रडारच्या आधी एआयकडे बघावं, असं माझं मत. फाल्कन बीएमएस या दुसऱ्या सिममध्ये मला ते जास्त बरं वाटतं, पण माझं नावच सांगतंय मी कुठल्या बाजूचा ते.

चॅफचंही (रडारला फसवायला हवेत उधळायच्या धातूच्या बारीक पट्ट्या) तसंच. चॅफ हवेत सुटलं की लगेच वेग गमावतं, म्हणजे डॉप्लरच्या नजरेत तेही जवळजवळ जमीनच. नाकासमोर येताना कितीही उधळा, पल्स-डॉप्लर त्याला भीक घालणार नाही. नॉचमध्ये असताना टाकलं तर मात्र उपयोग होतो.

सगळ्यात कच्चं म्हणजे जॅमिंग, शत्रूच्या रडारला मुद्दाम गोंधळात टाकणं. सिम्समध्ये बटण दाबलं की पडद्यावर रेघा, काही मैलांवर रडार त्याला भेदून बघणार, संपलं. खरं जॅमिंग कसं चालतं ते गुप्त असतं, बनवणाऱ्यांना मिळणार कुठून? आणि मिळालं तरी पंचाईत. 2021 मध्ये वॉर थंडर या खेळाच्या फोरमवर एका खेळाडूने वाद जिंकायला चॅलेंजर 2 रणगाड्याच्या मॅन्युअलची पानंच टाकली होती. इथे कोणी तसला पराक्रम करू नये, संपादकांना घाम फुटेल.

जुना रडारवाला

जॅमिंगबद्दल सहमत, त्यावर मी गप्प बसतो.

वॉर्निंग रिसीव्हरचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. रडारची लहर जाते आणि परत येते, म्हणून ताकद अंतराच्या चौथ्या घाताने कमी होते. रिसीव्हरला फक्त जाणारी लहर लागते, तिथे वर्गच. म्हणून तुम्ही त्याला बघायच्या आधी त्याला तुमची चाहूल लागते. चौथ्या घाताचा आणखी एक परिणाम: विमानाचा रडार-छेद (रडारला ते केवढं दिसतं ते) 16 पट कमी केला तरी ते दिसण्याचं अंतर फक्त निम्मं होतं. स्टेल्थला एवढा खर्च का येतो ते यावरून कळावं. आणि तेही सगळ्या फ्रिक्वेन्सींना सारखं लागू नाही. 27 मार्च 1999 ला सर्बियात एफ-117 पाडलं ते जुन्या एस-125 क्षेपणास्त्राने, आणि आधी त्याचा माग काढला होता मीटरभराहून लांब तरंगलांबीच्या पी-18 रडारने.

रिसीव्हरला प्रत्येक रडार ओळखता येईलच असंही नाही. 1973 च्या युद्धात इजिप्त आणि सीरियाच्या एसए-6 या जमिनीवरून सुटणाऱ्या क्षेपणास्त्राने इस्रायलची विमानं पाडली त्यात हेही एक कारण होतं. तिचा मार्गदर्शक झोत सलग लहरींचा होता, इस्रायली विमानांच्या रिसीव्हरना तो ऐकूच येत नव्हता. तुमच्या खेळात प्रत्येक धोक्याला नाव लावलेली खूण लगेच येते, ती चैन आहे.

हॉर्नेटवाला

काका, भक्त, दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री इंटरलीव्ह्ड, 60 अंश, दोन बार असं लावून तीच मिशन उडवली आणि नंतर टॅकव्ह्यूमध्ये (उड्डाणाची नोंद परत दाखवणारा प्रोग्राम) बघितली. लॉक तुटला तेव्हा मिग काटकोनाच्या दोन-तीन अंशांत होता, कंपास लावल्यासारखा हे अगदी पटलं. पण या वेळी त्याने शेपूट दाखवल्यावर, कर्सरचे आकडे बघत अँटेना खाली नेली तर तो बाराएक मैलांवर परत आला! म्हणजे दुसऱ्या अडचणीचं कोडं सुटलं. पहिली राहिलीच. अ‍ॅमराम हवेत असताना त्याने नॉच केलं तर मी करायचं काय?

आणि जाता जाता: डोंगर नसलेल्या भागात 300 फुटांवर उडूनही सॅम (जमिनीवरून विमानं पाडणारी क्षेपणास्त्र यंत्रणा) मला लांबून का पकडतं?

बीएमएस भक्त

नॉच जमायला त्याच्या पाठीमागे जमीन असावी लागते. मिसाईल सोडली की क्रँक कर, म्हणजे तो रडारच्या कडेला राहील इतपत पन्नासेक अंश बाजूला वळ, आणि त्याच वेळी खाली उतर, शक्य तर त्याच्याही खाली जा. तू वर बघायला लागलास की त्याच्यामागे आकाश, मुख्य झोतात जमीनच नाही. हे तुझ्या मॉड्यूलमध्ये किती नीट बसवलंय ते करून बघ, प्रत्येकात सारखं नसतं. आधीपासून खाली राहू नकोस मात्र, वरून विरळ हवेत सोडलेली मिसाईल बरीच लांब जाते. क्रँकचा आणखी एक फायदा, तू आडवा सरकत राहिलास की त्याचा काटकोनही सारखा बदलतो, त्याला वळत राहावं लागतं.

खरा इलाज विंगमन, म्हणजे जोडीचं दुसरं विमान. तुझ्यापासून दहा मैल बाजूला ठेव. एकाच वेळी दोघांना काटकोन देणं त्याला फार अवघड जातं, आणि डेटालिंकवर (विमानं एकमेकांना माहिती पाठवतात ती) तुला त्याचा ट्रॅक दिसत राहतो. तुझा लॉक नसला तरी कुठे बघायचं ते तरी कळतं.

जुना रडारवाला

सॅमचा हिशोब: दोन्ही उंची मीटरमध्ये घ्या, वर्गमुळांची बेरीज करा, 4.12 ने गुणा, किलोमीटर मिळतात. अँटेना 16 मीटरवर आणि तुम्ही 100 मीटरवर, म्हणजे तुमचे 300 फूट आणि वर थोडे: 4 अधिक 10, गुणिले 4.12, जवळपास 58 किलोमीटर. 25 मीटरवर उतरलात तर 37. सपाट मैदानात 300 फूट म्हणजे फार खाली नव्हे.

मिगप्रेमी

उशिरा आलो. हॉर्नेटवाले, डीसीएसमधलं मिग-21 बिस मिळालं तर एकदा घेऊनच बघा. त्यातलं आरपी-22 जुन्या पद्धतीचं रडार आहे, डॉप्लर-बिप्लर काही नाही. खाली बघितलंत की पडदा जमिनीने भरून जातो, म्हणून त्यात वरून खाली नाही, खालून वर बघत शिरायचं असतं. आपल्या हवाई दलातल्या बायसनचं (सुधारित मिग-21 चं) रडार वेगळं होतं, त्यामुळे तसंच समजू नका. विंगमनची मिशन मी बनवून देतो, हॉर्नेट दोन, मिग-29 दोन. शनिवारी रात्री सर्व्हर चालू ठेवतो, भक्त येणार असतील तर मिग माणसं उडवतील, एआय नको.

बीएमएस भक्त

येतो. मिग मी घेणार.