प्रेरणादायी व्याख्यानांतून विद्यार्थ्यांच्या हाती नेमकं काय लागतं?

खाडीपूल (धागाकर्ता) :
दिवाळीची सुट्टी संपली की आपल्याकडे शाळांत व्याख्यानांचा हंगाम सुरू होतो. ठाण्यातलं नौपाडा, पाचपाखाडी, घोडबंदर रोड, खाडीपलीकडे ऐरोली-वाशी-नेरूळ, सगळीकडे तेच. नववी-दहावीची दोनअडीचशे मुलं सभागृहात बसवायची, 'मोठी स्वप्नं बघा' असं भाषण, टाळ्या, फोटो. माझं मत स्पष्ट आहे : शाळेच्या वेळात ही व्याख्यानं ठेवू नयेत. ते दोन तास प्रयोगशाळेला द्यावेत.

व्याख्यान आवडणं वेगळं आणि त्यातून शिकणं वेगळं. १९७० साली अमेरिकेत एका नटाला 'डॉ. फॉक्स' हे नाव देऊन मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ अशा जाणत्या श्रोत्यांसमोर गेम थिअरी या गणिताच्या शाखेवर बोलायला उभं केलं होतं. बोलण्यात परस्परविरोधी विधानं आणि पोकळ शब्द होते, पण हावभाव, विनोद आणि आत्मविश्वास भरपूर. अभिप्राय उत्तम आले. हार्वर्डमधल्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवरचा २०१९ चा अभ्यासही हेच दाखवतो. विद्यार्थी एका तासाला सफाईदार व्याख्यान ऐकत, दुसऱ्या तासाला गटात बसून उदाहरणं सोडवत. चाचणीत उदाहरणं सोडवलेला भाग जास्त आला, पण 'आज खूप शिकलो' असं वाटलं ते व्याख्यानाच्या दिवशी. बोलण्याला ओघ असला की आपल्यालाही सगळं कळल्यासारखं वाटतं. म्हणून दारात भरून घेतलेल्या अभिप्रायांवरून पुढच्या वर्षीचा वक्ता ठरवणं चूक आहे.

आणि विसरण्याचं काय? एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवर मोजलं, तेव्हा पाठ केलेल्यातलं जेमतेम एक तृतीयांश दुसऱ्या दिवशी टिकलं होतं.

नौपाडेकर :
एबिंगहाउसने पाठ केली होती ती निरर्थक अक्षरं. गोष्ट, उदाहरण, युक्तिवाद यांना तो आकडा जसाच्या तसा लावता येत नाही.

मूळ आक्षेपही पटला नाही. व्याख्यान माहिती देण्यासाठी नसतंच, ते दिशा देतं. पुढे मोठा शास्त्रज्ञ झालेला मायकेल फॅरडे पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करत होता. १८१२ मध्ये रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीच्या चार व्याख्यानांची तिकिटं त्याला मिळाली आणि मार्च १८१३ मध्ये तो लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेत डेव्हीचा सहायक म्हणून लागला. तिथेच १८२५ पासून मुलांसाठी नाताळची व्याख्यानं सुरू झाली आणि पुढे फॅरडेने स्वतः त्यांची एकोणीस सत्रं घेतली. आपल्याकडे न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली १८७५ मध्ये. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. ऐकण्याची आणि वाचण्याची सवय गावाला अशीच लागते. चौदा वर्षांच्या मुलाच्या मनात कुठला प्रश्न रुजला, हे आठवड्यानंतरच्या चाचणीत मोजता येत नाही.

खाडीपूल :
फॅरडेचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तो ऐकून नुसता घरी गेला नाही. नोंदी सविस्तर लिहून काढल्या, आकृत्या काढल्या, सुमारे तीनशे पानांचा ग्रंथ बांधला आणि तो डेव्हीला पाठवला. शिकणं झालं ते या कामात. त्या दिवशी सभागृहात बसलेल्या बाकीच्यांचं काय झालं, ते कोणी सांगत नाही.

फळा-खडू :
दोघांचंही अर्धं पटतं. व्याख्यान फुकट जातं ते बहुतेक वेळा आखणीमुळे. नेहमीची नव्वद मिनिटं बघा. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, परिचय यांत पंचवीस-तीस मिनिटं जातात. मुलं सतरंजीवर बसलेली, वरती पंख्यांची घरघर, स्पीकर फक्त व्यासपीठाजवळ, मागच्या रांगांना शब्दांऐवजी घुमणारा आवाज. भाषण पंचावन्न-साठ मिनिटं आणि प्रश्नांना उरलेली पाच. त्या पाचांतली तीन एखादे पालक घेतात.

याऐवजी असं करावं. एका वेळी दोन तुकड्या, ऐंशी-शंभर मुलं, त्याहून जास्त नकोत. आदल्या दिवशी वर्गात दहा मिनिटं विषयाची ओळख करून द्यायची आणि प्रत्येकाने एक प्रश्न चिठ्ठीवर लिहायचा. चिठ्ठ्या वक्त्याला आधी पोचवायच्या. नाहीतर कुठल्याही शाळेत चालेल असं तयार भाषण वाट्याला येतं. सत्कार दोन मिनिटांत. बोलणं वीस-वीस मिनिटांच्या दोन भागांत आणि मध्ये पर्याय दिलेला एक प्रश्न, हात वर करून उत्तर. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांच्या पद्धतीत बरोबर उत्तरं साधारण ३० ते ७० टक्के असतील तरच मुलांना शेजाऱ्याशी दोन मिनिटं वाद घालू देतात. त्याहून कमी असतील तर मुद्दा पुन्हा समजवायचा, जास्त असतील तर पुढे जायचं.

खरं काम दुसऱ्या दिवशीचं. पहिल्या तासाला कोरा कागद द्यायचा. वही बंद ठेवून आठवेल ते सात मिनिटं लिहायचं, मग तीन मिनिटं शेजाऱ्याचा कागद बघून राहिलेलं भरायचं. आठवड्याने पुन्हा एकदा. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतर पुढे होते. आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं आणि स्वतः आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. शाळा इथेच चुकतात : व्याख्यान शनिवारी ठेवतात, मध्ये रविवार जातो आणि सोमवारी त्याचं नावही निघत नाही.

नौपाडेकर :
कोरा कागद आला की मुलांच्या लेखी ती परीक्षा होते. पुढच्या व्याख्यानाला ती बिचकत येतील, आणि ऐकण्याची गोडी एकदा गेली की परत आणणं फार कठीण.

फळा-खडू :
कागदावर नाव नाही, गुण नाहीत आणि शिक्षकाने तो गोळा करायचा नाही. मुलाने घरी न्यायचा. ही अट पाळली नाही तर तुमची भीती शंभर टक्के खरी ठरेल.

वाशी-सेक्टर-सतरा :
वक्ता कोणत्या प्रकारचा आहे, यावर कोणी बोलत नाही. 'जिद्द असेल तर सगळं शक्य आहे' हे ऐकून अपूर्णांकात अडलेलं मूल घरी काय घेऊन जातं? आपण मागे आहोत कारण आपल्यात जिद्द नाही, हा समज. हे नुकसान आहे आणि ते दिसतही नाही. त्याला हवी असते अपूर्णांकाची एक पायरी.

बोलवायचंच तर वस्तू हातात घेऊन येणाऱ्याला बोलवा. आपल्या दाराशी ठाणे खाडी आहे. २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य, २०२२ मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. वक्त्याने बरणीत खाडीचा चिखल आणावा, त्यातलं शेवाळ सूक्ष्मदर्शकाखाली दाखवावं. फ्लेमिंगो डोकं उलटं करून पाणी कसं गाळतो आणि त्याचा गुलाबी रंग या खाद्यातूनच कसा येतो, हे सांगावं. मग त्याच महिन्यात मुलांना ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात न्यावं. जाण्याआधी भरती-ओहोटीचं कोष्टक मुलांकडूनच वाचून घ्यायचं, कारण बोटीची वेळ त्यावर ठरते. थवा मोजायची रीत शिकवायची : आधी दहा पक्षी नीट मोजायचे, त्यांनी व्यापलेला तुकडा नजरेत धरायचा आणि असे किती तुकडे बसतात ते बघायचं. दोन मुलांचे आकडे जुळले नाहीत की 'अंदाज' म्हणजे काय यावर खरी चर्चा सुरू होते. विचार करायला लावणारं व्याख्यान मी याला म्हणेन.

नौपाडेकर :
हे मनापासून पटलं. तरी खाडीपूल, तुमच्या बाजूने एक आकडा नेहमी पुढे येतो, तो आधीच बाजूला ठेवतो. २०१४ च्या २२५ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत ३३.८ टक्के नापास झाले, कृतिशील वर्गांत २१.८. पण ते महाविद्यालयातले विज्ञान-गणिताचे नियमित तास होते. वर्षातून दोनदा होणाऱ्या व्याख्यानाला तो निकष कसा लावणार? शिवाय चाळीस मिनिटं एकाच माणसाचा एकच मुद्दा धरून ठेवणं हेही कौशल्य आहे. कीर्तनकार पूर्वरंगात अभंगाचं निरूपण करतो आणि उत्तररंगात तोच मुद्दा आख्यानातून उलगडतो. ऐकणारा आख्यानाच्या खुंटीला तत्त्व टांगून घरी नेतो. प्रयोगशाळेत ही सवय लागत नाही.

खाडीपूल :
तो आकडा शाळेच्या व्याख्यानाला लावता येणार नाही, हे मान्य. सरसकट बंदीचा आग्रहही मागे घेतो. पण अट ठेवतो : दुसऱ्या दिवशीचा तास वेळापत्रकात आधी लिहिला जावा, मगच वक्त्याला फोन करावा. तास मिळत नसेल तर व्याख्यान रद्द. आणि जानेवारीत दहावी नको, सराव परीक्षा तोंडावर असतात. सातवी-आठवी घ्या.

नौपाडेकर :
अट कडक आहे. बाहेरगावचा वक्ता तारीख देतो तेव्हा शाळेच्या हातात फार काही नसतं, त्यामुळे 'त्याच आठवड्यात तास' इतपत ठेवावी. आणि त्या कोऱ्या कागदाच्या तळाशी एक ओळ वाढवा : 'वक्त्याचं कोणतं म्हणणं मला पटलं नाही, आणि का?' ती ओळ रिकामी राहिली तर शिक्षकांनी फळ्यावर स्वतःची ओळ लिहून सुरुवात करावी. पहिल्या दोन वेळा बहुतेक कागदांवर ती रिकामीच असेल.