बोअरच्या पाण्यातून फवारलेले ग्लायफोसेट लव्हाळ्याला लागू का पडत नाही?

प्रश्न (चिकोडी तालुका)
नमस्कार. उसाच्या बांधावरील लव्हाळा आणि हरळीवर मे महिन्यात भर दुपारी, बोअरच्या पाण्यातून 41 टक्के ग्लायफोसेट हे तणनाशक फवारले. शेंडे पिवळे पडले, पण पहिला वळीव होताच सारे पुन्हा हिरवेगार झाले. गेल्या सप्टेंबरात हेच औषध, याच मात्रेने, दूधगंगेच्या पाण्यातून मारले होते तेव्हा तण पूर्ण वाळले होते. आता मात्रा वाढवावी की चिकटद्रव्य घालावे?

उत्तर (रायबाग)
मात्रा वाढवू नये. बोअरच्या पाण्याने साबणाला फेस येत नसेल आणि बंबात पांढरा थर धरत असेल, तर पाणी जड आहे असे समजावे. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम ग्लायफोसेटला बांधून ठेवतात आणि असे बांधले गेलेले औषध पानात नीट शिरत नाही. त्यासाठी 15 लिटरच्या पंपाला 150 ते 300 ग्रॅम अमोनियम सल्फेट हे खत बादलीत पूर्ण विरघळवून, फडक्यातून गाळून आधी पंपात ओतावे व औषध त्यानंतरच घालावे. चिकटद्रव्य थेंब पानावर पसरवते. पाण्याचा जडपणा त्याने जात नाही.

उत्तर (निपाणी)
माझ्या मते पाण्याइतकाच दोष मे महिन्याचा आहे. लव्हाळ्याचे पान मुळात मेणचट, त्यात पाण्याचा ताण बसला की तो थर अधिक जाड होतो आणि औषध जमिनीतील गाठींपर्यंत नेणारा रसाचा प्रवाह मंदावतो. म्हणून शेंडा पिवळा पडतो, गाठ मात्र जिवंत राहते. वळवानंतर नवी पाने जोमाने वाढू लागली की सकाळी दव सुकल्यावर फवारावे, आणि पुढे निदान सहा तास पाऊस नसावा. पानांवरची धूळही पाहावी. ग्लायफोसेट मातीला घट्ट चिकटते, त्यामुळे आषाढातले नदीचे तांबडे, गढूळ पाणीसुद्धा उपयोगाचे नाही. आमच्या शेजारी तंबाखू असते, म्हणून वारा असेल त्या दिवशी मी पंप उचलतच नाही.

प्रश्नकर्ता
आमच्या बंबात बोटाने खरवडून निघेल इतका थर आहे, आणि बांधही धुळीच्या गाडीवाटेचाच. सप्टेंबरात पाने पावसाने धुतलेली होती, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते.

उत्तर (रायबाग)
मग खुंट्या रोवून बांधाचे दोन भाग करावेत, एकावर सल्फेटसह व दुसऱ्यावर त्याविना, एकाच सकाळी फवारणी करावी आणि तीन आठवड्यांनी गाठी उकरून पाहाव्यात. मात्र ऑक्टोबर 2022 मधील केंद्राच्या आदेशाप्रमाणे ग्लायफोसेटची फवारणी परवानाधारक कीडनियंत्रकाकडूनच करून घ्यायची आहे, तेवढे आधी पाहावे.