मदत हवी आहे : शेपफाइलमध्ये मराठी टिपण तुटतंय

मंडळी, खानापूर तालुक्यात (जि. बेळगाव) कणकुंबी-जांबोटीकडच्या विहिरी-झऱ्यांची नोंद आम्ही जिओपॅकेजमध्ये (नकाशाची माहिती साठवायचा एक फाइल-प्रकार) केली आहे. तिथे सगळं नीट दिसतं. पण पुढे द्यायला शेपफाइलच (त्याच कामाचा जुना फाइल-प्रकार) लागते, दुसरं काही चालत नाही.

ओजीआर२ओजीआरने (टर्मिनलवरून असे फाइल-प्रकार बदलणारं साधन) रूपांतर करताना ‘एन्कोडिंग=यूटीएफ-८’ (अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत) दिलं, अक्षरं शाबूत आली. अडचण ‘टिपण’ रकान्याची आहे. डीबीएफचा (शेपफाइलसोबतची तक्त्याची फाइल) मजकूर-रकाना जास्तीत जास्त २५४ बाइटांचा आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, ३ बाइट खातं; म्हणजे ८४ चिन्हांतच खेळ खलास. म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेलं, कुठला झरा कधी आटतो, ते नेमकं शेवटी असतं आणि तेच कापलं जातं.

ओजीआर२ओजीआरमध्येच एसक्यूएल (तक्त्यांना आज्ञा द्यायची भाषा) चालते; तिच्या एसक्यूलाइट डायलेक्टमध्ये सबस्ट्रने (मजकुराचा तुकडा काढणारं फंक्शन) ८४-८४ चिन्हांचे तीन रकाने करून पाहिले. ‘विहीर’ मध्येच तुटली: एकीकडे ‘विह’, दुसरीकडे वेलांटीपासून सुरुवात.

मजकूर आखडायचा नाही, रोमन लिपीही नको. फाइली बऱ्याच आहेत, म्हणून हाताने नाही, टर्मिनलवरून लूपमध्येच चालवायचंय. पायथन चालेल.

तर प्रत्येक तुकडा २५४ बाइटांच्या आत ठेवून शब्दांमधल्या मोकळ्या जागेवरच तोडायचा, हे ओजीआर२ओजीआरच्याच एसक्यूएलमध्ये जमतं का, की आधी पायथनने रकाने पाडून घ्यावे लागतील?