आतला शोध पडद्यावर कसा उतरवायचा? अनुभव लिहा

धागाकर्ती: एका छोट्या स्वतंत्र चित्रपटाचा रफ कट (पहिलं कच्चं संकलन) पाहिला आणि जुना प्रश्न पुन्हा डोकं वर काढून बसला. माणूस स्वतःला शोधतोय हे दाखवायचं, की लगेच खिडकीबाहेर बघणारा चेहरा आणि वर निवेदन. कमी पैशात हे खरं कसं वाटेल? प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी लिहा.

संकलक: निवेदनाचा ट्रॅक म्यूट करून अख्खा कट बघा. जिथे काहीच कळत नाही, तिथे पटकथेत कृती कमी पडलीय. टाइप केलेला मेसेज पात्राने न पाठवता खोडला, एवढं पुरतं. आणि संवाद संपला की लगेच कापू नका, खरं ते नंतरच चेहऱ्यावर उमटतं. त्यासाठी सेटवर ‘कट’ म्हणण्याआधी दहा सेकंद थांबायला हवं. फुटेजच नसेल तर आम्ही काय लावणार?

ध्वनीवेडा: अगदी! आणि रूम टोन, म्हणजे कुणी बोलत नसताना त्या जागेचा आवाज!! प्रत्येक जागी ६० सेकंद, त्याच माइकने, सगळे जिथे उभे आहेत तिथेच असताना. नाहीतर दोन वाक्यांमधली शांतता ठिगळासारखी ऐकू येते. फ्रिज, पंखा बंद.

भटकी: फ्रिज परत चालू करायचा राहतो ना पण 😄

ध्वनीवेडा: गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची ताई. किल्लीशिवाय निघताच येत नाही.

भटकी: भारीच!

कॅमेरावाला: ८५ मिमी लेन्सवर चेहरा देखणा येतो, म्हणून सगळा चित्रपट त्यावरच काढतात. मग पात्र कुठल्या घरात, कुणामध्ये अडकलंय तेच दिसत नाही. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ३५ मिमीची रुंद लेन्स लावा आणि जवळ जा. वीज ५० हर्ट्झची असेल तर सेकंदाला २४ फ्रेम घेताना शटर १/५० सेकंद ठेवा. १/४८ वर काही ट्यूब, एलईडी लुकलुकतात.

तालीम: नटाला ‘आतून तुटलेली दिस’ सांगून काही होत नाही. ‘त्याला जाऊ देऊ नकोस’ असं करता येण्यासारखं सांगा. रडण्याचा प्रसंग दिवसाच्या शेवटी लावा. डोळे एकदा सुजले की आधीचे प्रसंग त्या दिवशी जुळत नाहीत.

धागाकर्ती: तालीम, हे शेड्यूल करणाऱ्यांना आजच कळवते. कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डांच्या कॉपी किती ठेवता सगळे?

संकलक: दोन वेगळ्या ड्राइव्हवर, आणि दोन्ही उघडून बघितल्याशिवाय कार्ड फॉरमॅट नाही.