जुनाट आजारात रुग्णाने स्वतः वाचावे का?

कर्वेनगरकर (धागाकर्ता):
कोथरूडच्या एका ज्येष्ठ नागरिक संघातील व्याख्यानात वक्ते डॉक्टर नुकतेच म्हणाले की, रुग्णांनी मोबाइलवर आजाराविषयी वाचणे बंद केले तर त्यांचा निम्मा त्रास कमी होईल. टाळ्या भरपूर पडल्या, पण मला हे मत मान्य नाही. माझ्या पत्नीला आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिस आहे आणि तिची मेथोट्रेक्सेटची मात्रा आठवड्यातून एकदाच, रविवारी, घ्यायची असते. एकदा औषधाच्या दुकानातून आलेल्या पाकिटावर ‘रोज रात्री एक’ असे लिहिलेले होते. हे औषध रोज घेतले गेल्यास अस्थिमज्जेवर आघात होऊन रक्तपेशी घटतात आणि रुग्ण दगावूही शकतो, हे तिने आधीच वाचलेले होते, म्हणून ते काउंटरवरच लक्षात आले. दोन-तीन महिन्यांतून एकदा काही मिनिटे भेटणाऱ्या डॉक्टरांवर मधल्या सगळ्या दिवसांचा भार टाकणे हा त्यांच्यावरही अन्याय आहे.

पेठकरीण:
तुमच्या पत्नीला वाचून लाभ झाला. माझ्या नणंदेचे वाचून नुकसान झाले. औषध तेच. तिने नाव मोबाइलवर टाकले, पहिल्याच ओळीत ‘कर्करोगावरील औषध’ असे दिसले आणि कोणालाही न सांगता तिने गोळी सोडून एक काढा सुरू केला. आमवातात ही मात्रा साधारणपणे आठवड्याला ७.५ ते २५ मिलिग्रॅम असते, तर कर्करोगात ती कितीतरी पटींनी मोठी असू शकते, हा फरक तिच्यापर्यंत पोहोचलाच नाही. बोटांचे जे सांधे वाकडे झाले ते आता सरळ होणार नाहीत, आणि पोळी लाटताना ती लाटणे मुठीत न धरता तळव्यांनी ढकलते. अर्धवट माहितीपेक्षा अज्ञान परवडले, असे मी तरी म्हणेन.

कर्वेनगरकर:
आपल्या नणंदेविषयी वाचून वाईट वाटले. तरीही विचारतो, मात्रेतला हा फरक पहिल्याच भेटीत कोणी दोन वाक्यांत समजावला असता, तर त्या एका ओळीने त्या घाबरल्या असत्या का? न सांगितल्याचा दोष वाचण्याच्या माथी मारू नये.

नवी पेठेतील औषधविक्रेता:
दोघांच्याही नजरेतून एक गोष्ट सुटते आहे. आम्ही पट्टी कापून देतो, त्यामुळे खोक्यातले माहितीपत्रक बहुतेकांच्या हाती पडतच नाही. पडले तरी ते मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत आणि डॉक्टरांसाठी लिहिलेले असते. मराठीत त्या जागी व्हॉट्सॲपवरचे फॉरवर्ड येतात. मात्र काउंटरवर फरक रोज दिसतो. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी जुनी चिठ्ठी घेऊन कोणी को-ट्रायमोक्साझोल मागायला येते. वाचणारा रुग्ण ‘मी मेथोट्रेक्सेटवर आहे’ असे सांगतो आणि मी त्याला डॉक्टरांकडे परत पाठवतो, कारण ही दोन औषधे एकत्र घेतल्यास रक्तपेशी धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकतात. न वाचणारा म्हणतो, ‘सांध्यांची एक पिवळी गोळी चालू आहे.’ पिवळ्या गोळ्या माझ्या दुकानात पुष्कळ आहेत.

पेठकरीण:
औषधाचे नाव पाठ असावे, एवढे मी मान्य करते. माझा आक्षेप वाचून परस्पर निर्णय घेण्याला आहे. हल्ली रक्ताचा अहवाल डॉक्टरांच्या आधी रुग्णाच्या मोबाइलवर येतो, एसजीपीटीचा, म्हणजे यकृताच्या तपासणीचा, आकडा ठळक अक्षरांत दिसतो आणि यकृत गेले असे समजून लोक गोळी थांबवतात. वास्तविक, गोळी घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी तपासणीसाठी रक्त दिले तर हा आकडा तात्पुरता चढलेला दिसू शकतो, आणि डॉक्टर तो मागच्या अहवालांशेजारी ठेवूनच पाहतात.

कर्वेनगरकर:
म्हणजे रविवारी गोळी घेणाऱ्याने सोमवारी रक्त देऊ नये. आम्हाला हे रक्त घ्यायला घरी येणाऱ्या मुलाने कधी सांगितले नाही. आपल्याला हे वाचूनच कळले असणार!

पेठकरीण:
नाही, विचारून कळले. गोळी पुन्हा सुरू झाली तेव्हा नणंदेबरोबर मी गेले होते आणि प्रश्न वहीत लिहून नेले होते. त्यांतले दोन, खरे सांगायचे तर, तिनेच मोबाइलवर वाचून काढलेले होते. डॉक्टरांनी सगळ्यांची उत्तरे दिली, पण बाहेर रांग होती आणि नणंद एकटी असती तर वही पिशवीतून निघाली नसती.