मुक्ता साळवेला चेहरा द्यावा का?

रेषा_सातारा (धागाकर्ती)

मी चित्रकलेची निवृत्त शिक्षिका. गेलं दीड वर्ष इथल्या एका शाळेच्या वाचनालयासाठी एकोणिसाव्या शतकातल्या आपल्या बायकांची व्यक्तिचित्रं करतेय. आनंदीबाई जोशी, पंडिता रमाबाई, रखमाबाई यांचे फोटो आहेत, त्यामुळे ते काम हातावेगळं झालं. अडले ती मुक्ता साळवेपाशी.

मुक्ता पुण्याची, मांग समाजातली, फुल्यांच्या शाळेत शिकलेली मुलगी. 14 वर्षांची असताना तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि 'ज्ञानोदय' या नियतकालिकाने तो 15 फेब्रुवारी आणि 1 मार्च 1855 च्या अंकांत छापला. पेशवाईत आपल्या माणसांना तेलशेंदूर पाजून इमारतींच्या पायात पुरत, हे तिने लिहिलंय. आपल्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्परसुद्धा नसतं, थंडीवाऱ्यात काय हाल होत असतील, हेही. ज्या धर्मात एकालाच सगळं आणि बाकीच्यांना काहीच नाही, तो धर्म पृथ्वीवरून नाहीसा होवो, असं ती सरळ म्हणते. एवढं लिहिणारी मुलगी, आणि दिसायची कशी याचा मागमूस नाही.

मी तिला चेहरा दिला. बाजारात 'फ्लेश टिंट' नावाची रंगाची ट्यूब मिळते. ती उघडली की गुलाबी, गोऱ्या कातडीचा रंग बाहेर येतो. चाळीस वर्षं मुलांना मी तीच ट्यूब वापरायला सांगत आले, याचं आता वाईट वाटतं. मुक्तासाठी ती बाजूला ठेवली. बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी, थोडा यलो ऑकर हा मातकट पिवळा आणि सावलीत अल्ट्रामरिन हा गडद निळा घेतला. काळ्यासावळ्या कातडीवर उजेड निळसर चमकतो, कपाळावर आणि गालाच्या हाडावर, आणि तो पकडायला मला तीन आठवडे लागले.

चित्र बघून शाळेतले एक जण म्हणाले, "बाई, थोडी उजळ करा, मुलांना बघायला बरं वाटेल." मी नाही म्हटलं आणि तो विषय तिथेच मिटला. पण दुसऱ्या एका शिक्षिकेने विचारलं, "मुळात चेहरा काढलातच कशाला? तुम्हाला तो माहीत कुठे आहे?" हे मात्र मनात रुतून बसलंय. माझं मत अजून तेच आहे की चेहरा द्यायला हवा. तुम्हाला काय वाटतं?

दफ्तरखाना

ताई, तुमच्या हाताबद्दल आदर आहे, पण मी त्या शिक्षिकेच्या बाजूने आहे.

चित्र भिंतीवर राहत नाही. उद्या कोणीतरी मोबाईलवर त्याचा फोटो काढेल, कडा कापेल आणि जयंतीच्या बॅनरवर 'मुक्ता साळवे यांचा दुर्मीळ फोटो' म्हणून छापेल. प्रत्यक्ष शिवाजी महाराजांच्या बाबतीत काय झालं बघा. कित्येक वर्षं महाराजांचं म्हणून इब्राहिमखान नावाच्या भलत्याच माणसाचं चित्र छापलं जात होतं. 1933 साली इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्र्यांनी डचांकडचं अस्सल चित्र पुढे आणलं तेव्हा तो घोळ मिटला. महाराजांचं अस्सल चित्र कुठेतरी होतं म्हणून दुरुस्ती तरी झाली. मुक्ताचं तसं काहीच नाही. तुमचं चित्र चुकीचं आहे हे कोणीच कधी सिद्ध करू शकणार नाही, आणि मला भीती वाटते ती याचीच.

शिवाय तिची एक अस्सल गोष्ट आपल्याकडे आहे, तिचे शब्द. तो निबंध मोठ्या अक्षरांत भिंतभर लावा. मुलं उभी राहून वाचतील. चेहरा असला की मुलं चेहरा बघतात, हार घालतात आणि पुढे जातात.

वेताळपेठ

दफ्तरखाना, मी मुक्ताच्याच समाजातला आहे म्हणून जरा स्पष्ट बोलतो.

ज्ञानेश्वर कसे दिसायचे हे कोणाला माहीत आहे? तुकोबा? घरोघरी तसबिरी आहेत त्या कोणीतरी चित्रकाराने मनाने काढलेल्याच ना? त्या काढताना कोणी पुरावा मागितला नाही. आमच्या मुक्तापाशी आलं की दफ्तर उघडायचं आणि 'अस्सल चित्र नाही' म्हणायचं, हे मला पटत नाही. तिचं चित्र का नाही, याला कारण आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी 1854 मध्ये निघाली, म्हणजे तिचा निबंध छापला गेला त्याच्या जेमतेम काही महिने आधी. कॅमेरा आला होता, पण तो तिच्यासाठी आला नव्हता. ज्यांनी तिला कागदावर येऊ दिलं नाही त्यांचीच चूक आता नियम म्हणून पाळायची का?

माझी मुलगी सहावीत आहे. 3 जानेवारीला शाळेत सावित्रीबाईंच्या जयंतीला ती मुक्ता होऊन बोलली. घरी तिने विचारलं, "बाबा, मी केस कसे बांधू? तिचे कसे होते?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. सावित्रीबाई होणाऱ्या मुलीला हा प्रश्न पडला नाही, कारण तिच्यापुढे चित्र होतं, कपाळावरच्या कुंकवासकट. तुम्ही म्हणता निबंध लावा. लावाच. पण दहा वर्षांचं पोर आधी कोणाकडे जातं, कागदाकडे की माणसाकडे?

निळी_शाई

माझा आक्षेप दोघांपेक्षा वेगळा आहे. ताई, हा चेहरा आणलात कुठून?

चित्रकार हवेतून चेहरा काढत नाही, समोर कोणीतरी बसलेलं असतं. रविवर्म्याच्या लक्ष्मी-सरस्वती घराघरांत गेल्या. त्यासाठी तासन्‌तास बसलेल्या बायकांची नावं आपल्यापैकी किती जणांना सांगता येतील? 1868 ते 1875 मध्ये इंग्रजांनी 'द पीपल ऑफ इंडिया'चे आठ खंड काढले. त्यात फोटो आहेत, पण ते जातीजमातींचे 'नमुने' म्हणून. बहुतेक ठिकाणी माणसाच्या जागी जातीचं नाव. असल्या फोटोवरून नाकडोळे उचलून तुम्ही मुक्ता केली असेल, तर एका विसरलेल्या बाईला पुढे आणताना दुसरीला पुन्हा नमुनाच केलंत. म्हणून विचारतेय, राग मानू नका.

रेषा_सातारा

राग कसला, हाच प्रश्न मी स्वतःला आधी विचारायला हवा होता.

जुने फोटो मी चाळले होते, पण नाही वापरले. त्या फोटोंतली माणसं कॅमेऱ्याकडे ज्या नजरेने बघतात त्या नजरेने मुक्ता बघत असेल असं मला वाटलंच नाही. माझ्या ओळखीतल्या एका कुटुंबातली आठवीतली मुलगी माझ्यासमोर बसली. तिची आई पूर्ण वेळ शेजारी असायची. रविवारी सकाळी दोन तास, असे सहा रविवार. पहिल्या दिवशी पोरगी ताठ बसली, फोटोला बसतात तशी. मग मी तिच्या हातात निबंधाची प्रत दिली आणि म्हटलं, वाच. बाळंतिणीच्या ओळीशी ती थांबली, मान वर करून आईकडे बघितलं. तीच नजर मी घेतली. चित्रात मुक्ता आपल्याकडे बघत नाही, चौकटीच्या बाहेर कोणाकडे तरी बघते.

मुलीचं नाव कॅनव्हासच्या मागच्या बाजूला लिहिलंय.

निळी_शाई

मागे का? पुढे लिहा! भिंतीला लागल्यावर मागचं नाव कोण वाचणार?

रेषा_सातारा

आईने नको म्हटलं. "पोरीचं नाव भिंतीवर गेलं की गावात चार तोंडं बोलतात," असं म्हणाली. तिच्या पुढे जाऊन मी निर्णय घेणार नाही.

लातूरचा_मास्तर

मी इतिहास शिकवतो. थोडक्यात दोन गोष्टी मांडतो.

पहिली, फोटो असला म्हणजे प्रश्न सुटला असं समजू नका. आनंदीबाईंचा 1885 चा पेनसिल्वेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातला फोटो घ्या. मुळात त्यात तिघी आहेत: आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली. आपण पुष्कळदा आनंदीबाईंना तेवढं कापून घेतो. रेषाताई, तुम्ही तिघींना ठेवलंय का?

दुसरी, उपेक्षित म्हणजे नेमकं कोण? ताराबाई शिंद्यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक लिहिलं 1882 मध्ये. प्रती छापल्या 500, किंमत नऊ आणे. 1975 साली स. गं. मालश्यांनी ते पुन्हा उजेडात आणेपर्यंत ते जवळपास विस्मरणात गेलं होतं. आज ताराबाईंचं नाव निदान अभ्यासक तरी घेतात. पण ज्या घटनेने ताराबाई पेटून उठल्या ती विजयालक्ष्मी? सुरतेकडची तरुण ब्राह्मण विधवा, लोकलाजेपायी पोटचं पोर मारलं, 1881 मध्ये फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी झाली. तिच्यावर वर्तमानपत्रांनी रकानेच्या रकाने लिहिले आणि नंतर ती कुठे गेली कोणी विचारलं नाही. तिचं चित्र कोणी शाळेत लावू देईल का? कर्तबगार बायका तेवढ्या निवडून आपण नवी देवघरं मांडतोय असं मला राहून राहून वाटतं.

वेताळपेठ

मास्तर, विजयालक्ष्मीचा मुद्दा मनाला लागला. पण 'देवघर' हा शब्द मागे घ्या. आमच्याकडे मुक्ताला कोणी देवघरात बसवलेलं नाही. तिला अजून वर्गातसुद्धा नीट बसू दिलेलं नाही.

लातूरचा_मास्तर

बरोबर. मुक्ताच्या बाबतीत तो शब्द मागे घेतो.

दफ्तरखाना

वेताळपेठ, तुमच्या मुलीचा केसांचा प्रश्न वाचून मी बराच वेळ गप्प होतो. तसबिरींचा मुद्दाही मान्य. ज्ञानेश्वरांच्या वेळी आपण पुरावा मागितला नाही, हे खरं आहे.

तरीही माझा विरोध पूर्ण मावळलेला नाही. निदान इतकं करा: 'कल्पनाचित्र' हा शब्द चित्राखालच्या पाटीवर न लिहिता चित्रातच लिहा, रंगाने, कापता येणार नाही अशा जागी. पाटी सुटते, हरवते.

वेताळपेठ

चालेल. मग त्याच वाचनालयात ज्ञानेश्वर-तुकारामांच्या तसबिरी असतील तर त्यांवरही तोच शब्द येऊ दे. एकट्या मुक्ताच्या अंगावर शिक्का नको.

रेषा_सातारा

आज सकाळी पुन्हा चित्रासमोर बसले. दफ्तरखाना यांचं अर्धं ऐकलंय. मुक्ताच्या मांडीवर कागद आहे, तो मी आतापर्यंत कोराच ठेवला होता. आता त्यावर बारीक ब्रशने निबंधातल्या बाळंतिणीच्या ओळी लिहितेय आणि शेवटी 'हा चेहरा कल्पनेतला, शब्द तिचे'. कागद मधोमध आहे, तो कापायचा तर हातही कापावे लागतील. ज्ञानेश्वरांची तसबीर त्याच वाचनालयात दाराशी आहे. तिच्याखाली पाटी लावायला शाळा तयार होते का ते सोमवारी विचारते.

आणि मास्तर, आनंदीबाईंना मी एकटीच काढलं होतं. ओकामी आणि इस्लामबुली यांच्यासाठी मोठा कॅनव्हास ताणून ठेवलाय, आज प्रायमरचा पहिला हात दिला.

निळी_शाई

ताई, त्या मुलीच्या आईला अजून एकदा विचारून बघा. नुसतं पहिलं अक्षर चालेल का म्हणून.