कोकण रेल्वेचं विलीनीकरण: हो की नाही?

धागाकर्ता: कोकण रेल्वे भारतीय रेल्वेत विलीन करायला महाराष्ट्राने २०२५ मध्ये संमती दिली आणि चारही राज्यांचा होकार पूर्ण झाला. माझ्या मते विलीनीकरण व्हायलाच हवं. रोहा ते ठोकूर हा मार्ग सुमारे ७४० किमीचा. त्यात दुपदरी झालाय तो फक्त रोहा-वीर, सुमारे ४६ किमी, तोही २०२१ मध्ये. १९९० मध्ये केंद्र ५१, महाराष्ट्र २२, कर्नाटक १५, गोवा आणि केरळ प्रत्येकी ६ टक्के अशा भागीदारीतून महामंडळ उभं राहिलं आणि बराचसा पैसा कर्जरोख्यांतून आला. मार्ग बांधायला ही रचना उत्तम होती. दुपदरीकरणाला मात्र रेल्वेच्या अर्थसंकल्पाशिवाय पर्याय नाही. प्रत्यक्षापेक्षा जादा अंतर धरून भाडं आकारायची पद्धतही विलीनीकरणाशिवाय सुटणार नाही.

घाटवाट: असहमत. पैसा मिळाला म्हणून लगेच दुसरा रूळ पडत नाही. नव्वदच्या वर बोगदे आहेत, एकट्या करबुड्याचा साडेसहा किमीचा. दुसऱ्या रुळासाठी शेजारी नवा बोगदा खोदायचा आणि पनवलसारख्या ६४ मीटर उंच पुलाला जोड द्यायची. त्याआधी क्रॉसिंग स्टेशनं, म्हणजे समोरासमोरच्या गाड्या एकमेकींना वाट देतात ती स्थानकं, वाढवा. दोन स्थानकांत १४ किमी असतील, तर ताशी ८० च्या वेगाने समोरची गाडी यायला साडेदहा मिनिटं लागतात आणि तोवर तुमची गाडी लूपवर, म्हणजे स्थानकातल्या बाजूच्या रुळावर, उभी. मध्ये एक स्टेशन टाकलं की थांबणं निम्म्यावर येतं. कडवई, वेरवली इथे हेच केलंय.

हिशेबनीस: हा तात्पुरता उपाय झाला. गाडी वेळेवर असेल तरच त्याचा फायदा. एक गाडी ४० मिनिटं उशिरा आली की तिची क्रॉसिंगं पुढच्या स्थानकांवर सरकतात आणि समोरून येणारी प्रत्येक गाडी थोडी थोडी अडकते. गणपतीत जादा गाड्या सोडल्या की सगळी साखळी कोलमडते. शिवाय लूपच्या लांबीपेक्षा मोठी मालगाडी तिथे बसतच नाही.

घाटवाट: मान्य. पण माझी खरी भीती पावसाळ्याची आहे. २००३ आणि २००४ च्या दरडींमुळे झालेल्या अपघातांनंतर इथे पावसाळ्यात वेगळं वेळापत्रक, कटिंगवर (डोंगर कापून काढलेल्या वाटेच्या कडांवर) जाळ्या, उतार कमी करणं, गस्त, मुसळधार पावसात वेगाला मर्यादा अशी शिस्त बसली. जांभ्यातून मुरलेलं पाणी खालची चिकणमाती सैल करतं. पेडण्यात २०२० मध्ये बोगद्याची भिंत ढासळली, २०२४ मध्ये आत पाणी भरलं. हा मार्ग भारतीय रेल्वेच्या तीन झोनमध्ये (स्वतंत्र मुख्यालय असलेल्या प्रशासकीय विभागांत) वाटला, तर कुठल्या कटिंगवर कोणाचा गस्तवाला, याचा निर्णय तीन मुख्यालयांत होणार.

हिशेबनीस: वाटूच नका, स्वतंत्र झोन करा. कोलकाता मेट्रोला २०१० मध्ये झोनचा दर्जा मिळाला, तीही कोकण रेल्वेपेक्षा कितीतरी छोटी असताना. बेलापूरचं मुख्यालय आणि रत्नागिरी-कारवारची रचना तशीच ठेवता येईल. महाराष्ट्राने ‘कोकण रेल्वे’ हे नाव राखण्याची अट घातली आहेच, त्यासोबत पावसाळी नियंत्रण एका हाती राहील हेही लेखी घ्यायला हवं.

घाटवाट: ती अट लेखी येणार असेल, तर माझा विरोध इथेच संपतो.